रिक्वेस्ट गेली, उत्तर आलं नाही

जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे काही मागायचं असेल तर आज एक ओळ पुरते. पत्ता द्यायचा, थांबायचं, आलेला जेसन उघडायचा. फेच घ्या, ॲक्सिऑस घ्या, ही ओळ सगळीकडे जवळपास सारखीच दिसते. म्हणून ‘सगळ्यात सोपी लायब्ररी कोणती?’ ही चर्चा बहुतेक वेळा त्या ओळीची लांबी मोजून संपते. मला ती चर्चा अपुरी वाटते. उत्तर वेळेवर आणि नीट आलं तर कोणतीही लायब्ररी चांगलीच वागते. खरी पारख होते ती उत्तर आलं नाही, उशिरा आलं किंवा भलतंच आलं तेव्हा. अशा प्रत्येक प्रसंगी काय करायचं हे लायब्ररीने आपल्या वतीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते ठरवलेलं काय आहे हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलेलं असतं. पुढचा आढावा त्या न वाचलेल्या निर्णयांचा आहे.

सुरुवात १९९९ पासून. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज टीमला आउटलुकची मेल ब्राउझरमध्ये दाखवायची होती, आणि प्रत्येक क्लिकला अख्खं पान नव्याने आणणं परवडणारं नव्हतं. त्यासाठी ॲलेक्स हॉपमन यांनी लिहिलेला घटक एमएसएक्सएमएल या लायब्ररीच्या पोटात घालून इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत बाहेर पडला. मोझिलाने तीच कल्पना ब्राउझरमध्येच बसवली आणि तिला एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट हे नाव मिळालं. बरीच वर्षं तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर लोकांना पान न बदलता माहिती बदलताना दिसली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी आपल्या लेखात या पद्धतीला ‘एजॅक्स’ म्हटलं.

त्या काळचा कोड ज्यांनी लिहिला आहे त्यांना तो आजही तोंडपाठ असेल. ब्राउझर कोणता ते आधी तपासायचं, इंटरनेट एक्सप्लोरर असेल तर ॲक्टिव्हएक्सचा ऑब्जेक्ट आणि नसेल तर दुसरा. मग कनेक्शन उघडायचं, स्थिती बदलली की चालणारं फंक्शन जोडायचं, त्यात स्थिती चारवर पोचली का ते पाहायचं, आणि पोचली असेल तर स्टेटस २०० आहे का तेही पाहायचं. लांबलचक काम होतं. पण त्या लांबीत अपयशाची दखल घ्यावीच लागे, कारण स्टेटस तपासणारी ओळ आपल्याच हाताने लिहावी लागायची.

२००६ मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि हे सगळं एका फंक्शनमध्ये गेलं. यश आलं तर हे चालव, एरर आली तर ते चालव. जेक्वेरीने घेतलेला महत्त्वाचा निर्णय असा की ४०४ किंवा ५०० आलं तर ती एररच समजायची. सर्व्हरपर्यंत पोचताच न येणं आणि सर्व्हरने नकार देणं, दोन्ही एकाच दारातून बाहेर पडत. एका अख्ख्या पिढीच्या हाताला हे वळण लागलं. पुढे फेचबद्दल ज्या तक्रारी झाल्या त्यांचं मूळ बऱ्याच अंशी या वळणात आहे.

सर्व्हरच्या बाजूला २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणला. त्याच्यातलं एचटीटीपी मॉड्यूल तुकड्यातुकड्याने येणारा डेटा हातात देतं; ते तुकडे जोडायचं काम तुमचं. शिवाय ते पत्त्याच्या बाबतीत कडक आहे. पाथ वेगळा करून त्यात देवनागरी अक्षरं तशीच दिली, तर रिक्वेस्ट बाहेर पडायच्या आधीच ते एरर देतं. मिकील रॉजर्स यांची ‘रिक्वेस्ट’ नावाची लायब्ररी याच गैरसोयींवर उपाय म्हणून लोकप्रिय झाली आणि अनेक वर्षं नोडमध्ये तीच पहिली निवड होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती अधिकृतपणे निवृत्त करण्यात आली. कारण प्रामाणिक होतं: तिची घडण कॉलबॅकच्या काळातली, भाषा तोवर प्रॉमिस आणि असिंक-अवेटकडे गेलेली, आणि तिला आतून बदलायचं तर तिच्यावर उभी असलेली असंख्य पॅकेजं मोडली असती. इतक्या वापरातली वस्तू वेळेवर थांबवणं हा मला या इतिहासातला सर्वांत जबाबदार निर्णय वाटतो. तरी जुन्या प्रोजेक्टांच्या अवलंबित्वांच्या यादीत ती अजून भेटते.

ॲक्सिऑस २०१४ मध्ये मॅट झॅब्रिस्की यांनी सुरू केली. कल्पना अँग्युलरजेएसच्या एचटीटीपी सेवेवरून घेतलेली, पण कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय चालणारी, आणि ब्राउझरमध्ये व नोडमध्ये तोच कोड. ब्राउझरमध्ये आत एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, नोडमध्ये एचटीटीपी मॉड्यूल, बाहेर एकच रूप. प्रॉमिस पहिल्यापासून. ऑब्जेक्ट दिला की त्याचा जेसन करून पाठवायचा, आलेला जेसन उघडून द्यायचा, आणि २०० ते २९९ सोडून कोणताही स्टेटस आला तर प्रॉमिस नाकारायचं. शिवाय इंटरसेप्टर: प्रत्येक रिक्वेस्ट जायच्या आधी टोकन लावणं किंवा ४०१ आलं की नवं टोकन आणून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं, ही कामं एका ठिकाणी लिहिता येतात. रिॲक्ट आणि व्ह्यू शिकणाऱ्या मुलांच्या हातात ती जवळजवळ आपोआप आली. आजही तिची डाउनलोड्स आठवड्याला कोटींत जातात.

फेच ही लायब्ररी नाही, ब्राउझरमध्येच असलेली सोय आहे. व्हॉटडब्ल्यूजी या मानक ठरवणाऱ्या गटाने ती लिहिली. क्रोममध्ये एप्रिल २०१५ मध्ये आली, सफारीत मार्च २०१७ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच मिळाली नाही, म्हणून ॲक्सिऑसची गरज आणखी काही वर्षं टिकली. नोडमध्ये ती २०२२ च्या १८ व्या आवृत्तीपासून कोणताही फ्लॅग न लावता मिळते आणि २१ व्या आवृत्तीत तिच्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का निघाला. आत उंडिची नावाचं नवं इंजिन आहे. म्हणजे ॲक्सिऑसचं सुरुवातीचं मोठं भांडवल, दोन्हीकडे एकच कोड, ते आता फेचकडेही आहे. आणि मे २०२४ मधल्या १.७ आवृत्तीपासून खुद्द ॲक्सिऑसलाही आतून फेच वापरायला सांगता येतं.

मग प्रश्न मिटला का? मिटला नाही, कारण फेचने अपयशाची व्याख्या वेगळी केली. सर्व्हरकडून कोणतंही उत्तर आलं की फेचच्या लेखी काम फत्ते. ४०४ आलं तरी, ५०० आलं तरी. प्रॉमिस नाकारलं जातं ते फक्त उत्तर मुळीच हाती लागलं नाही तर: नेटवर्क तुटलं, पत्ता सापडला नाही, ब्राउझरने परवानगी नाकारली. तर्काने हे बरोबर आहे. ४०४ हे सर्व्हरने दिलेलं नीट, अर्थपूर्ण उत्तर आहे. पण जेक्वेरीच्या वळणाचा माणूस कॅच लिहितो आणि निश्चिंत होतो. मग सर्व्हर कोसळतो, ५०० सोबत एररचं एचटीएमएल पान येतं, कोड ते जेसन म्हणून उघडायला जातो, आणि कन्सोलवर ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे < असं चिन्ह दिसतं. ते चिन्ह म्हणजे त्या एचटीएमएल पानाचं पहिलं अक्षर. नवखा माणूस मग जेसनमधली चूक शोधत बसतो. चूक दोन ओळी वर असते: उत्तराचा ‘ओके’ हा गुण तपासलेलाच नसतो.

यावरून ॲक्सिऑस अधिक सुरक्षित असं म्हणण्याचा मोह होतो. एक प्रसंग बारकाईने पाहू. वापरणाऱ्याचं लॉगिन संपलं आहे, आणि सर्व्हर ४०१ देण्याऐवजी लॉगिनच्या पानाकडे वळवतो. हे फार ठिकाणी घडतं. फेच आणि ॲक्सिऑस दोन्ही निमूट त्या वळणावर जातात आणि लॉगिनचं पान २०० स्टेटससह परत येतं. फेचमध्ये जेसन उघडताना लगेच एरर येते. कुरूप का असेना, पण जागच्या जागी. ॲक्सिऑसमध्ये मूळ सेटिंग असं आहे की जेसन उघडता आला नाही तर गुपचूप मजकूर आहे तसा द्यायचा. म्हणजे तुमच्या हातात ऑब्जेक्टऐवजी एचटीएमएलची लांब स्ट्रिंग येते आणि कोड पुढे चालत राहतो. त्या स्ट्रिंगमधून ‘यादी’ मागितली की अनडिफाइन्ड मिळतं, आणि स्क्रीनवर ‘एकही ऑर्डर नाही’ असं लिहून येतं. ग्राहकाला वाटतं आपल्या ऑर्डर उडाल्या. रिस्पॉन्स टाइप जेसनच आहे असं स्पष्ट सांगितलं आणि हे मूक सेटिंग बंद केलं तर हा धोका टळतो, पण त्यासाठी ते सेटिंग आहे हे माहीत असायला हवं.

स्टेटसवर विसंबणंही नेहमी पुरत नाही. मराठी विकिपीडियाचं उदाहरण घ्या, कारण सरावासाठी याहून चांगला आणि खुला एपीआय आपल्याला सहज मिळणार नाही. ‘पुणे’ या लेखाची माहिती मागायची. पुणे हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण बारा. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून दोन अक्षरी ‘पुणे’ पत्त्यात छत्तीस अक्षरांचं होतं. फेच हे रूपांतर स्वतः करतं. पण शोधाच्या मजकुरात कोणी ‘फुले & आंबेडकर’ असं लिहिलं तर ते & चिन्ह पुढचा पॅरामीटर सुरू झाला असं समजलं जातं आणि आंबेडकर गळतात. म्हणून पत्ता स्ट्रिंग जोडून कधी बनवू नये. यूआरएलसर्चपॅराम्सला किंवा ॲक्सिऑसच्या पॅराम्सला तो मजकूर द्यावा. आता लेखाचं नाव चुकलं तर काय येतं? स्टेटस २००, आणि आत पानाचा क्रमांक उणे एक, सोबत ‘मिसिंग’ असा शब्द. पॅरामीटरच चुकीचा दिला तरी २००, आणि आत ‘एरर’ नावाचा भाग. विकिपीडियाच्या या एपीआयचा रिवाजच तसा आहे, आणि ग्राफक्यूएलमध्येही अनेकदा हेच दिसतं. इथे कोणतीही लायब्ररी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. आतला मजकूर वाचावाच लागतो.

आता वेळेचा प्रश्न, जो मला सर्वांत मोठा वाटतो. मुंबई-पुणे गाडी बोरघाटातल्या बोगद्यात शिरते तेव्हा डब्यातल्या शेकडो फोनांवरच्या रिक्वेस्ट अधांतरी लटकतात. नेटवर्क ‘नाही’ असं सांगत नाही. ते गप्प होतं. अशा वेळी ॲप किती वेळ गोल चकती फिरवत ठेवणार? फेचला स्वतःचा टाइमआउट नाही. नोडमधलं त्याचं इंजिन उत्तराच्या हेडरची ३०० सेकंद वाट पाहतं, म्हणजे पाच मिनिटं. ॲक्सिऑसमध्ये टाइमआउटचं सेटिंग आहे, म्हणून अनेकांचा समज असा की तो लागू असतो. त्याची मूळ किंमत शून्य आहे, आणि शून्याचा अर्थ ‘कितीही वेळ थांब’. सिंद्रे सोरहुस यांची ‘काय’ (ky) ही फेचवर बांधलेली छोटी लायब्ररी दहा सेकंदांवर थांबते. मी पाहिलेल्या लायब्रऱ्यांत इतका सरळ निर्णय स्वतःहून घेणारी ही एक, आणि तिच्याबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठी. फेचसोबत आता अबॉर्टसिग्नलची टाइमआउट सोय २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत आहे; एका ओळीत मुदत देता येते आणि ती मुदत मजकूर वाचून होईपर्यंत लागू राहते. ती ओळ न लिहिण्याला आज सबब उरलेली नाही.

रिक्वेस्ट रद्द करणं हे याच गोष्टीचं दुसरं अंग. शोधाच्या चौकटीत कोणी ‘कोल्हापूर’ टाइप करतं. इनस्क्रिप्टने टाइप केलं तर नऊ कळा, आणि प्रत्येक कळीला रिक्वेस्ट जात असेल तर नऊ रिक्वेस्ट. त्यातली ‘को’ची यादी बरीच लांब, म्हणून ती सर्वांत शेवटी येऊ शकते, आणि पूर्ण शब्द लिहून झाल्यावरही स्क्रीनवर कोकण, कोथरूड, कोरेगाव दिसत राहतात. उत्तरं ज्या क्रमाने मागितली त्याच क्रमाने येतील असं वचन नेटवर्कने कधी दिलेलं नाही. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात: टाइप करणं थोडं थांबेपर्यंत वाट पाहणं, आणि नवी रिक्वेस्ट जाताना जुनी रद्द करणं. फेच आलं तेव्हा रद्द करण्याची सोयच नव्हती. अबॉर्टकंट्रोलर ब्राउझरांत २०१७ च्या अखेरीपासून येऊ लागला. ॲक्सिऑसने त्याआधी स्वतःचं कॅन्सलटोकन काढलं होतं, ते ज्या प्रस्तावावर बेतलं होतं तो प्रस्ताव पुढे मागे घेतला गेला, आणि २०२१ मध्ये ॲक्सिऑसनेही अबॉर्टकंट्रोलर स्वीकारला. जुन्या कोडमध्ये कॅन्सलटोकन दिसलं तर ते काढायच्या यादीत घालावं.

पुन्हा प्रयत्न करणं सोपं वाटतं आणि तेच सर्वांत घातक ठरू शकतं. वाचणारी रिक्वेस्ट दोनदा गेली तर बिघडत नाही. पैसे भरणारी रिक्वेस्ट दोनदा गेली तर बिघडतं. बोगद्यातल्या फोनला हे कळायला मार्ग नसतो की त्याची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली नाही, की पोचली, पैसे कापले गेले, आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं. एचटीटीपीच्या मानकात गेट, पुट आणि डिलीट पुन्हा पाठवल्या तरी परिणाम तोच राहावा अशी अपेक्षा आहे. पोस्टबद्दल तशी हमी नाही. ‘काय’ ही लायब्ररी हा भेद पाळते: ठरावीक स्टेटसना दोनदा पुन्हा प्रयत्न करते, पण पोस्टला मूळ सेटिंगमध्ये हात लावत नाही, आणि सर्व्हरने ‘इतक्या वेळाने या’ असं रिट्राय-आफ्टर हेडरमधून सांगितलं तर तेही ऐकते. फेच आणि ॲक्सिऑस स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाहीत. जो तो स्वतःची लूप लिहितो, आणि बहुतेक लूपमध्ये पोस्ट वगळलेली नसते. पोस्ट पुन्हा पाठवायचीच असेल तर प्रत्येक व्यवहाराला एक खास किल्ली लावून पाठवावी, म्हणजे तीच किल्ली दुसऱ्यांदा दिसली की सर्व्हर नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर देतो. स्ट्राइपसारख्या पेमेंट कंपन्यांचे एपीआय असेच चालतात. आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जायला हवं, त्यात थोडा अनियमितपणाही हवा. सर्व्हर एक मिनिट बंद पडून उठतो तेव्हा हजारो फोन त्याच क्षणी पुन्हा धडकले तर तो पुन्हा झोपतो.

सीओआरएस, म्हणजे दुसऱ्या डोमेनकडून माहिती मागण्याचे नियम, यावर थोडक्यात. कन्सोलमध्ये ती लाल एरर आली की लोक लायब्ररी बदलून पाहतात. त्याने काही होत नाही. परवानगी सर्व्हरने द्यायची असते आणि अंमल ब्राउझर करतो. फेचमधला नो-सीओआरएस हा पर्याय लावला तर एरर जाते खरी, पण हाती येणारं उत्तर वाचताच येत नाही.

लायब्ररी घेणं म्हणजे तिच्या मागची माणसं आणि पॅकेजं घेणं, ही बाजूही आता टाळता येत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभरचे बिल्ड अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारखी रोज लागणारी पॅकेजं सांभाळणाऱ्या एका माणसाला फसव्या मेलने गाठलं आणि त्या पॅकेजांत घातक कोड शिरला. ॲक्सिऑसमध्येही २०२३ मध्ये एक दोष नोंदवला गेला: बनावट रिक्वेस्टपासून बचाव करणारं गुप्त टोकन ती भलत्याच डोमेनलाही हेडरमधून पाठवत होती. १.६.० आवृत्तीत तो दुरुस्त झाला. दोष सगळ्यांतच निघतात. पण फेचमधला दोष ब्राउझर किंवा नोडच्या अपडेटसोबत जातो, आणि लायब्ररीतला दोष तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी आवृत्ती वाढवेपर्यंत राहतो. गावातल्या छोट्या संस्थेची वेबसाइट एकदा बनवून देऊन पुढे कोणी पाहत नसेल, तर हा फरक मोठा आहे.

एवढ्यावरून माझं मत असं झालं आहे. नवं काम असेल तर फेच घ्यावं, पण उघडं वापरू नये. एकाच फाइलमध्ये स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं: मुदत लावणारं, ‘ओके’ तपासणारं, उत्तराचा कंटेंट-टाइप जेसनच आहे का ते पाहणारं, आणि नाही म्हणताना स्टेटस व सर्व्हरचा मजकूर दोन्ही सोबत देणारं. हे पन्नासेक ओळींत बसतं आणि टीममधला प्रत्येक जण ते वाचू शकतो. पुन्हा प्रयत्न लागत असतील तर ‘काय’ घ्यावी. ते लॉजिक स्वतः लिहिण्यात शहाणपण नाही. ॲक्सिऑसवर चाललेलं मोठं जुनं काम फक्त फॅशन म्हणून बदलू नये. तिथे आज दुपारी टाइमआउट लावावा आणि आवृत्ती तपासावी. फाइल चढवताना किती टक्के गेली हे दाखवायचं असेल तर ॲक्सिऑस अजूनही फेचपेक्षा सरस आहे, कारण एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ती प्रगती सांगते आणि फेच सांगत नाही. रिॲक्टमध्ये टॅनस्टॅक क्वेरी वापरणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं की ती उत्तरं साठवते आणि ताजी ठेवते, पण रिक्वेस्ट स्वतः करत नाही; तिला दिलेलं फंक्शन ५०० आल्यावर गप्प राहिलं तर तीही त्याला यश समजते.

शिकवण्याची पद्धत मात्र मला खरोखर खटकते. मराठीत आता जावास्क्रिप्ट शिकवणारे व्हिडिओ आणि वर्ग भरपूर आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातल्या बहुतेक धड्यांत फेच येतं, यादी स्क्रीनवर दिसते, आणि धडा संपतो. त्याच धड्यात आणखी दहा मिनिटं घालवून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क ‘ऑफलाइन’ करून दाखवावं, मग ‘स्लो’ करून, मग पत्त्यातलं एक अक्षर बिघडवून. तिन्ही वेळा कोड वेगळा वागतो, आणि अपयशाचे तीन वेगळे प्रकार मुलांना डोळ्यांनी दिसतात.

ॲक्सिऑसवरून फेचवर जायचं ठरवलंच असेल, तर मोडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. डेटा आता उत्तराच्या आत तयार मिळत नाही, तो वेगळा उघडावा लागतो आणि एकदाच उघडता येतो. लॉगमध्ये छापण्यासाठी आधी वाचला तर पुढच्या ओळीला तो उरत नाही. ऑब्जेक्ट पाठवताना जेसन स्वतः करावा लागतो आणि कंटेंट-टाइपचं हेडरही स्वतः लावावं लागतं. विसरलं तर सर्व्हरला साधा मजकूर मिळतो आणि फॉर्म रिकामा आल्यासारखा दिसतो. कॅचमध्ये स्टेटस पाहून निर्णय घेणारा सगळा कोड निकामी होतो, कारण ४०० किंवा ५०० आल्यावर फेच कॅचकडे जातच नाही. आणि इंटरसेप्टरमध्ये दडलेलं टोकनाचं नूतनीकरण सर्वांत शेवटी सापडतं: टोकनाची मुदत तासाभराची असेल तर चाचणी करणाऱ्याला पहिल्या तासात काहीच दिसत नाही. म्हणून बदल करण्याआधी इंटरसेप्टरची फाइल उघडून तिथे काय काय होतं ते कागदावर उतरवावं, आणि चाचणीच्या सर्व्हरवर टोकनाची मुदत दोन मिनिटांवर आणावी.